दोन गच्च्यांवरचं ऊन

कडेगावच्या आमच्या घराच्या गच्चीवर यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा खरी परवानगी लागणार होती ती सासूबाईंची. विद्यापीठाचं सगळं झालं होतं, माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन यंत्रं माझ्या ताब्यात दिली होती, पण गच्ची आत्यांची होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. त्या गच्चीवर वर्षभर काही ना काही वाळत असतं. मिरच्या, शेंगा, ज्वारी, उन्हाळ्यात कुरडया आणि पापड, आणि काहीच नसलं तर गोधड्या. कुठली गोष्ट कुठल्या कोपऱ्यात पसरायची हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मी यंत्राची पेटी घेऊन वर गेले, तेव्हा त्या मिरच्या उलटत होत्या.

"ह्ये काय गं आणलंस? दिवा हाय का?"

"न्हाई आत्या, ऊन मोजायचं यंत्र हाय."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. "ऊन काय मोजायचं? हाय का न्हाई ते दिसतंय की."

मी फिजिक्स शिकवते. कॉलेज आमच्या घरापासून एष्टीनं तासाभराच्या अंतरावर आहे. लग्न, घर, नोकरी यांत पीएच.डी. राहून गेली होती, ती उशिरा करायला घेतली. माझे मिस्टर सैन्यात, तेव्हा राजस्थानात होते. घरात आम्ही दोघीच. दिवसभर आत्या शेतावर आणि मी कॉलेजात, संध्याकाळी चहा दोघींचा एकत्र. त्या दिवशी चहाबरोबर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. उन्हात एक भाग असा असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. त्याला अतिनील किरण म्हणतात. कातडी करपते ती त्यानं, रंग विटतात ते त्यानं. तो जमिनीपर्यंत किती पोचतो हे कळायचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे खाली यंत्र ठेवून सरळ मोजायचं. दुसरा उपग्रहाचा. तो वरून ढग बघतो, ओझोन बघतो आणि खाली किती पोचत असेल याचा अंदाज सांगतो. तिसरा म्हणजे नुसतं गणित, त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. सूर्य किती वर आलाय, ओझोन किती आहे, हे घालायचं आणि उत्तर काढायचं. माझं काम एवढंच, की हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचं, कुठे जुळतात आणि कुठे फाटतात.

"आन् फाटलं तर?"

"तर का फाटलं ते शोधायचं."

"म्हंजी भांडणं सोडवायची." आत्या कप उचलून आत गेल्या. परवानगी मिळाली असं मी धरलं. यंत्र जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर बसवायचं ठरलं, म्हणजे त्यावर कशाचीच सावली येणार नव्हती आणि मिरच्यांची जागाही जाणार नव्हती. यंत्र म्हणजे तळहातावर मावेल असा पांढरा डबा, त्यावर काचेचा छोटा घुमट. आत्या त्याला पहिल्या दिवसापासून वाटी म्हणू लागल्या.

दुसरं यंत्र माझ्या माहेरी, मेढ्याला बसवलं. त्यामागे कारण होतं. कडेगावला सपाट रान, ऊस, कारखान्याचा हंगाम. मेढा डोंगरात, हवा स्वच्छ आणि पावसाळ्यात ढगच ढग. दोन्ही गावांच्या उंचीत फार फरक नाही, त्यामुळे तुलना बरी होणार होती. शिवाय दोन्हीकडे यंत्राकडे लक्ष देणारं घरचं माणूस होतं.

माझे वडील, आबा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना समजावून सांगायला वेळ लागला नाही. त्यांनी यंत्र पाहिलं, डबा पाण्यात भिजला तर चालतो का, रीडिंग कुठे येतं, कुणाला कळवायचं, एवढंच विचारलं आणि म्हणाले, "समज ही आपली पोस्ट हाय. तू काळजी करू नकोस." आई चुलीपाशी हसत होती. निवृत्तीनंतर आबांना सांभाळायला काही दिलं की घरात शांतता असते, हे तिला माहीत होतं.

दोन्ही यंत्रांचे आकडे मोबाईलच्या नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर यायचे. उपग्रहाचा आकडा दोनेक दिवसांनी मिळायचा. मला वाटलं होतं, घरच्यांना काच पुसण्यापलीकडे काही काम नाही. आबांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात फोन केला.

"परवाच्या दिवसाचा निकाल लागला का गं?"

"कसला निकाल आबा?"

"आपलं आन् उपग्रहाचं जुळलं का?"

मी पाहिलं. जुळलं होतं. थंडीचे दिवस, निरभ्र आकाश, मेढ्याचं यंत्र, गणित आणि उपग्रह तिघं एकमेकांच्या अगदी जवळ होते. मी तसं सांगितलं आणि आबा खूश झाले. त्यानंतर ते रोज फोन करू लागले. मेढ्याच्या बाजारपेठेत त्यांचा एक ठरलेला कट्टा आहे, तिथे ते हा निकाल जाहीर करत असत, असं आईनं मला नंतर सांगितलं.

कडेगावचं मात्र जुळेना. कारखान्यांची धुराडी पेटली, ऊसतोड सुरू झाली आणि आमच्या गच्चीवरचं यंत्र उपग्रहाच्या आकड्यापेक्षा कमी दाखवू लागलं. ढग नाहीत, काही नाही, दुपारचं लख्ख ऊन, तरी कमी. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. मला काळजी वाटायला लागली. यंत्रात दोष असेल तर माझं सगळं काम वाया जाणार होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

पण त्याच महिन्यात साताऱ्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीनंतर आबा आत्यांना भेटायला आले. दोघांची ओळख व्याही-विहिणीची, म्हणजे नमस्कार, तब्येत, पाऊसपाणी एवढीच. आबांना बोलायला विषय हवा होता, त्यांनी तो काढला.

"विहीणबाई, आमच्या मेढ्याचं ऊन उपग्रहाशी तंतोतंत जुळतंय बरं का. तुमच्याकडं काय परिस्थिती?"

आत्यांना परिस्थिती माहीतच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आमचं जरा कमी येतंय."

"कमी?" आबांना मनापासून वाईट वाटलं, पण ते तोंडावर दिसायच्या आत थोडा आनंदही दिसून गेला. आत्यांनी तो नेमका टिपला.

परतीच्या एष्टीत आत्या कऱ्हाड गेल्यावर म्हणाल्या, "आपलं ऊन कमी हाय व्हय गं?"

"तसं न्हाई आत्या, यंत्र कमी दाखवतंय. कारण सापडायचंय."

"एवढं डोकं फुटतंय उन्हानं शेतात. आन् ह्यो मेढ्याचा मानूस सांगणार आमचं ऊन कमी!"

त्यानंतर चार दिवसांत माझ्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रोज सकाळी एकदा आकडा एकदम खाली जायचा, अगदी शून्याजवळ, आणि लगेच वर यायचा. पक्षी बसत असेल असं मला वाटलं. रविवारी सकाळी मी वर जाऊन पाहिलं तर आत्या शिडी लावून स्लॅबवर चढल्या होत्या आणि पदरानं वाटी पुसत होत्या.

"आत्या!"

"वरडू नकोस, पडंन मी. बघ की किती काळी झालीय." त्यांनी पदर दाखवला. त्यावर काजळी होती, कारखान्याच्या धुराड्यातून येते ती. आमच्याकडे हंगामात ती सगळीकडेच पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. मी आठवड्यातून एकदा काच पुसत होते आणि तेवढं पुरेल असं समजत होते. ते पुरत नव्हतं. पण पदरानं पुसलं तर काचेवर ओरखडे पडतात, ही दुसरी अडचण. मग मी त्यांना चष्मा पुसायचं मऊ फडकं आणून दिलं, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दिलं आणि हे काम त्यांच्याकडे सोपवलं. शिडीवर मात्र मी घरी असतानाच चढायचं, ही अट घातली. ती त्यांनी पाळली असं मी म्हणणार नाही.

काच रोज स्वच्छ होऊ लागली आणि आकडा थोडा वर आला. आत्यांनी विचारलं, "जुळलं?"

"थोडं सुधारलं. पण अजून कमीच हाय."

"म्हंजी वाटीच खोटी."

मलाही तीच भीती होती. मी सरांना फोन केला. सर शांत माणूस. ते म्हणाले, "दोन्ही यंत्रं एकाच गच्चीवर शेजारीशेजारी ठेवा. आठवडाभर स्वच्छ ऊन मिळू द्या. एकाच उन्हाला दोघं एकच आकडा देतात का बघा. देत असतील तर दोष यंत्राचा नाही, हे एकदाचं नक्की होईल."

म्हणजे मेढ्याचं यंत्र कडेगावला आणायला हवं होतं. मी आबांना म्हणाले, मी येऊन घेऊन जाते.

"तू कशाला? मी आणतो."

"नाहीतर कुणाच्या गाडीतनं पाठवून द्या."

"पाठवून?" आबांचा आवाज चढला. "अगं, काचेची वस्तू हाय. कुणाच्या बी हातात देऊ व्हय?"

तर आबा आले. मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून कडेगाव, तीन एष्ट्या बदलून. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली पेटी त्यांनी सगळ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी स्टँडवर घ्यायला गेले तर माझ्या हातातही देईनात. आईनं त्यांच्याबरोबर तांदूळ आणि हातसडीचे पोहे पाठवले होते, ती पिशवी तेवढी माझ्याकडे दिली. आई स्वतः येऊ शकत नव्हती, म्हशी कोण बघणार?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबा माझ्या घरी कधी राहिले नव्हते. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांच्या मनातला जुना नेम. कुणी सक्ती केली नव्हती, पण त्यांच्या वडिलांनी पाळला म्हणून त्यांनी पाळला. यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, चहा घ्यायचे, फार आग्रह झाला तर दोन घास खायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही त्यांच्या पिशवीत कपडे नव्हते. यंत्र बसवून परत जायचं आणि आठवड्यानं पुन्हा न्यायला यायचं, असा त्यांचा बेत होता.

दोन्ही यंत्रं स्लॅबवर शेजारी बसवली. ती सपाट बसलीत का, हे आबांनी स्वतः पाणसळ लावून बघितलं. खाली आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, निघतो. कऱ्हाडची गाडी मिळंल."

आत्या परातीत पीठ मळत होत्या. हात तसेच ठेवून म्हणाल्या, "आवं पाव्हणं, यंत्र हितं आन् तुमी तिकडं?"

"आठ दिवसांनी न्यायला येतो की."

"आन् तवर त्याला काय झालं तर? मी न्हाई जबाबदारी घ्यायची. आधीच म्हणताय आमच्याकडचं ऊन कमी पडतंय. उद्या म्हणाल, आमची वाटी बी तुमीच खराब केली."

आबा अडकले. पोस्ट सोडून जाणं त्यांना जमणारं नव्हतं आणि लेकीच्या घरी राहणंही जमणारं नव्हतं. ते ओसरीवर उभे राहिले, हातात पिशवी घेऊन. मी मध्ये बोलले नाही. बोलले असते तर ते गेले असते. शेवटी त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"कापडं आणली न्हाईत," एवढंच म्हणाले.

"माझ्या पोराची पेटी भरून हायत," आत्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

माझ्या मिस्टरांचा सदरा आबांना दंडात घट्ट व्हायचा, पण तो घालून त्यांनी आठवडा काढला. पहिल्या दिवशी जेवताना ते पाहुण्यासारखे जपून जेवले. दुसऱ्या दिवशी आत्यांनी वांग्याचं भरीत आणि मिरचीचा खर्डा केला आणि आबांनी तिसरी भाकरी मागून घेतली. मी ताटाकडे बघत होते, मान वर केली असती तर डोळे भरलेले दिसले असते. संध्याकाळी मिस्टरांचा फोन आला. मी म्हणाले, आबा आपल्याकडे राहिलेत. ते म्हणाले, "काय सांगतीस! यंत्रात एवढी ताकद हाय?"

दिवसा मी कॉलेजात असायचे. परत आले की दोघांकडून वेगवेगळा अहवाल मिळायचा. आबा सकाळी दोन्ही काचा पुसून घ्यायचे, आत्यांनी आधीच पुसलेल्या असल्या तरी. मग जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसायचे. आत्या शेतातून आल्या की शेंगा फोडायला तिथेच येऊन बसायच्या. एक दिवस मी लवकर घरी आले तर गच्चीवर मोठा आवाज चालला होता.

"विहीणबाई, ही साडी उचला! बरोबर आमच्याच यंत्रावर सावली पडली!"

"आवं, वारं सुटलंय. वाऱ्याला मी सांगितलं व्हय, मेढ्याच्या वाटीवर जा म्हणून?"

"दोरीच तिकडं कशी काय बांधली?"

"दोरी माझ्या लग्नापासनं हाय तितं!"

आत्यांची साडी खरंच फडफडत वर गेली होती आणि तिची सावली मेढ्याच्या यंत्रावरून जात-येत होती. मी हसायला लागले. दोघांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि मग तेही हसले. आबांनीच दोरी सोडून दुसरीकडे बांधून दिली. त्यानंतर त्यांचं बोलणं पाऊसपाण्याच्या पुढे गेलं. आबा सैन्यातल्या थंडीच्या गोष्टी सांगत आणि आत्या ऐकत. त्यांचा मुलगा त्याच नोकरीत होता, म्हणून त्या बारीकसारीक विचारत. जेवायला काय मिळतं, झोपायला कसं असतं. हे प्रश्न त्यांनी मुलाला कधी विचारले नव्हते. तो नीट सांगणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

आठवड्यानं मी दोन्ही यंत्रांचे आकडे एकावर एक मांडले. दोन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या. मेढ्याचं यंत्र किंचित जास्त दाखवत होतं, पण तो फरक इतका बारीक, की त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. उपग्रहापेक्षा मात्र दोघंही कमी. म्हणजे कडेगावच्या गच्चीवर मेढ्याचं यंत्रही कमीच दाखवत होतं.

मी लॅपटॉप घेऊन वर गेले आणि दोघांना दाखवलं. आत्यांच्या चेहऱ्यावर आधी समाधान आलं. "म्हंजी वाटी खोटी न्हाई."

"न्हाई."

मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजी ऊनच कमी हाय."

"वरनं येतं तेवढंच, आत्या. पण खाली पोचेपर्यंत काहीतरी खातंय."

आम्ही तिघंही समोर बघत होतो. फेब्रुवारीतली दुपार होती. ओढ्यापलीकडच्या फडात तोड झाली होती आणि पाचट पेटवलं होतं. ऊस गेला की मागे वाळलेला पाला उरतो, तो जाळून रान मोकळं करायची आमच्याकडची पद्धत. धुराचा लोट वर जाऊन आडवा पसरला होता. त्याच्या पलीकडे कारखान्याचा धूर, अलीकडे गुऱ्हाळाचा. वर आभाळ निळं होतं, पण कडेला, रानाच्या टोकाला, फिकट तपकिरी पट्टा होता. तो पट्टा हंगामात रोज असतो. मी तो लग्न होऊन आल्यापासून बघत होते आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

"उपग्रहाला ढग दिसतात," मी म्हणाले. "जमिनीलगतचा असला पातळ धूर त्याच्या हिशेबात नीट येत न्हाई. तो धरतो की हवा स्वच्छ हाय."

"पण ऊन तर लख्ख हाय की," आबा म्हणाले. "डोळं दिपत्यात."

"आन् माझं पापड वाळत्यात," आत्या म्हणाल्या.

हा प्रश्न चांगला होता आणि मलाही तो आधी पडला होता. धूर उजेडाला आणि उष्णतेला थोडंच अडवतो, अतिनील किरणांना जास्त अडवतो. म्हणून पापड वाळतात, डोळे दिपतात आणि यंत्र तेवढं कमी दाखवतं. आत्यांनी ऐकून घेतलं. आबांना आता बोलायची मोठी संधी होती. मेढ्यात ऊस नाही, गुऱ्हाळ नाही. पण ते शेंगा फोडत राहिले. समोर जळत होतं ते पाचट कुणाचं का असेना, आमचंही गेल्या महिन्यात असंच जळलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

यंत्र घेऊन आबा परत गेले, तेव्हा आत्यांनी पिशवीत शेंगा, गूळ आणि खर्ड्याची बाटली दिली. स्टँडवर आबा मला म्हणाले, "चांगलं मानूस हाय. उगीच लांब लांब राहिलो आपण."

धूर हेच कारण, हा अजून माझा अंदाज होता. मी सरांच्या विभागातून हातात धरून सूर्याकडे रोखायचं एक छोटं उपकरण आणलं. हवेत धूळ-धूर किती आहे ते त्यानं कळतं. तो आकडा गणितात घातला, तसं गणितही खाली आलं आणि आमच्या यंत्राशी बरंचसं जुळलं. सर म्हणाले, छान, पण एवढ्यावर थांबू नका, आणखी एक पुरावा हवा.

तो पुरावा मेढ्याहून आला. मार्च संपता संपता एका दुपारी आबांचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाळ, आजचं आमचं ऊन बघू नकोस."

"का, काय झालं?"

"डोंगराला वणवा लागलाय. सकाळपासनं विझवायला गेलो होतो सगळी. आत्ता आटोक्यात आलाय, पण धूर सगळा खोऱ्यात उतरलाय. रीडिंग पार खाली गेलं असंल."

आधी मी त्यांना बरं आहे ना, कुणाला लागलं नाही ना, ते विचारलं. सगळे सुखरूप होते, आबांच्या फक्त मिशा करपल्या होत्या. मग मी लॅपटॉप उघडला. मेढ्याचा आकडा खरोखर उतरला होता. दोन दिवसांनी उपग्रहाचा आकडा आला, तो मात्र आदल्या स्वच्छ दिवसांसारखाच होता. वणवा विझला, धूर गेला आणि मेढ्याचं पुन्हा उपग्रहाशी जुळलं. तेच यंत्र, तीच गच्ची, धूर आला तेवढेच दिवस फाटलं. सरांना मी हा आलेख पाठवला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला, जे ते कधी करत नाहीत.

आबांना मी सांगितलं, तुमच्या त्या वाईट दिवसांमुळे माझं काम पक्कं झालं. ते म्हणाले, "तसं असंल तर रिपोर्टात लिही, सुभेदाराच्या मिशा बी गेल्या."

पावसाळ्यात मेढ्याची अब्रू आणखी गेली. उपग्रह एकदम कितीतरी मैलांचा चौकोन बघतो. त्यात घाटमाथ्यावरचे दाट ढग आणि आमच्या खोऱ्यातली मध्येच पडणारी उघडीप दोन्ही येतात आणि तो सगळ्यांची सरासरी सांगतो. कधी उपग्रह म्हणायचा ऊन बरं आहे आणि आबांच्या गच्चीवर मिट्ट अंधार. कधी उलट. रोजच्या फोनवर आबा चिडायला लागले. "हा वरनं काय बघतो काय? झोपतो काय?" एकदाच ते उड्या मारत होते. पांढऱ्या ढगांच्या मधून सूर्य बाहेर आला, ढगांच्या कडांवरून उजेड उसळून खाली आला आणि काही मिनिटं यंत्रानं स्वच्छ आकाशाच्या गणितापेक्षाही जास्त आकडा दाखवला. असं होतं, पुस्तकात आहे. पण आबांनी कट्ट्यावर जाऊन सांगितलं, की मेढ्यात उन्हापेक्षा जास्त ऊन पडलं.

आत्यांनी इकडे एक ठरवलं होतं. मला बोलल्या नव्हत्या, पण ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना मी ऐकलं. मळ्यातल्या खालच्या तुकड्यातलं पाचट यंदा जाळायचं नाही, बारीक करून सरीत पसरायचं.

"आत्या, एका तुकड्यानं आकडा हलायचा न्हाई," मी म्हणाले. मला त्यांची निराशा व्हायला नको होती.

"आकड्यासाठी कोण करतंय? गावात आलेल्या कृषी अधिकाऱ्यानं कवाचं सांगितलंय. पाणी धरतंय म्हणं जमिनीत. बघू तरी." मग थोड्या वेळानं, "आन् न्हाई हलला तर न्हाई हलला. मला धूर तरी खावा लागणार न्हाई."

ऑक्टोबर आला. पाऊस ओसरला होता, हवा धुऊन निघाली होती, कारखाने अजून बंद होते. मी सकाळी लॅपटॉपवर दोन दिवसांपूर्वीचा आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. कडेगावची गच्ची, गणित आणि उपग्रह, तिन्ही एका रेषेत. आत्या अंगणात शेण काढत होत्या. मी हाक मारून सांगितलं.

"जुळलं?"

"जुळलं आत्या. तिन्ही."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आत आल्या आणि स्वतः लॅपटॉपसमोर बसल्या. त्यांना त्या रेषांतलं फार कळत नसे, पण तीन रंग एकावर एक आलेत एवढं दिसत होतं. बोटानं त्यांनी पडद्यावरची रेषा पुसल्यासारखी तपासली. मग म्हणाल्या, "लाव फोन मेढ्याला."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"पाव्हणं, नमस्कार. आमचं ऊन जुळलं. व्हय, तिन्ही. न्हाई न्हाई, सावली-बिवली काय न्हाई... काय म्हणता? तुमचं काल ढगात गेलं? आरं आरं." त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पलीकडून आबा बराच वेळ काहीतरी सांगत होते. आत्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग विषय म्हशीवर गेला, म्हैस गाभण होती आणि आबांना काळजी होती. आत्या त्यांना काय खायला घालायचं ते सांगू लागल्या. माझी कॉलेजची गाडी निघायची वेळ झाली होती. मी पर्स उचलली, खुणेनं फोन मागितला. त्यांनी हातानंच सांगितलं, थांब जरा, अजून बोलणं झालं न्हाई. मी फोन त्यांच्याकडेच ठेवून स्टँडकडे पळाले.